'मॅची-मॅची' : एका इंग्रजी विशेषणाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाला मी आणि माझी धाकटी बहीण एकाच कापडाचे पंजाबी ड्रेस घालून आलो होतो. वर्गातली एक मैत्रीण हसून म्हणाली, "टू मॅची-मॅची!" मला ते कौतुकच वाटले. मी "थँक यू" म्हणाले, तशा तिच्याबरोबरच्या मुली आणखीच हसल्या. घरी आल्यावर आईने विचारले, "कापड आवडलं का गं कुणाला?" मी तोच शब्द सांगितला. "म्हणजे काय?" "म्हणजे मिळतंजुळतं." आई खूश झाली.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन कोश पाहिला. अर्थ होता, 'प्रमाणाबाहेर जुळवलेले'. माझे भाषांतर चुकले होते. ते नेमके कोठे चुकले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

प्रथम शब्दाची रचना पाहू. 'मॅच' म्हणजे जुळणे. त्याला 'ई' हा प्रत्यय लागून 'मॅची' हे विशेषण होते. तेच दोनदा घेऊन मध्ये जोडरेघ दिली की हा सामासिक शब्द तयार होतो. तो बोलण्यातला शब्द आहे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभणार नाही. पर्स, चपला, कानातले सारे एका रंगाचे, किंवा पडदे, सोफा आणि उशा एकाच छापाच्या, अशा ठिकाणी तो वापरतात. त्याच्याआधी बहुधा 'टू' किंवा 'सो' येते. 'मॅचिंग शूज' म्हटले तर केवळ वस्तुस्थिती कळते. 'मॅची-मॅची' म्हटले की त्यात बोलणाऱ्याचे मतही येते. अलीकडे काही जण तो कौतुकानेही वापरतात. तेव्हा खरा अर्थ सुरावरून ओळखावा लागतो.

इंग्रजीत असे आणखी शब्द आहेत. 'गुड' म्हणजे चांगला, पण 'गुडी-गुडी' म्हणजे चांगुलपणा मिरवणारा. अर्थात प्रत्येक द्विरुक्तीत टोमणा नसतो. 'टीनी-वीनी' म्हणजे अगदी चिमुकले. त्यात लाडच आहे.

आता मराठीकडे वळू. आपल्या व्याकरणात 'हळूहळू', 'लाललाल' यांना पूर्णाभ्यस्त शब्द म्हणतात. 'मिळतेजुळते' हा शब्द मात्र तसा नाही. त्यात जवळच्या अर्थाचे दोन शब्द शेजारी बसले आहेत आणि टोमणा मुळीच नाही. माझी चूक येथेच झाली. टोमणा हवा असेल तर आपल्याकडेही द्विरुक्ती आहे. 'ती गोड बोलते' ही स्तुती झाली. 'ती गोडगोड बोलते' म्हटले की ऐकणारा सावध होतो. 'मॅची-मॅची'चा सूर या 'गोडगोड'च्या जवळचा आहे. म्हणून मी आता त्याचे भाषांतर 'जरा जास्तच मॅचिंग' असे करीन.

'मॅचिंग' हा शब्द तर आपण केव्हाच आपलासा केला आहे. इंग्रजीतले हे विशेषण मराठीत नाम झाले. "या साडीवर मॅचिंग मिळालं का?" असे आपण सहज विचारतो. मॅचिंग सेंटरमध्ये रुबिया आणि टू बाय टूचे शेकडो रंग मांडलेले असतात, तरी बायका साडी घेऊन दुकानाबाहेर उजेडात येतात. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

रंग हुबेहूब जुळणे अवघड का असते, हे आम्हा भिवंडीकरांना ठाऊक असते. माझे वडील लूमवर कामाला आहेत. लूमवरून उतरते ते बहुतेक कोरे कापड, ज्याला बाजारात ग्रे म्हणतात. रंग त्याला पुढे प्रोसेसमध्ये चढतो. एकच कापड दोन वेगळ्या लॉटमध्ये रंगवले तर शेडमध्ये थोडा फरक पडू शकतो. हुबेहूब जुळणी हवी असेल तर कापड एकाच लॉटचे घेणे बरे.

आमच्या ड्रेसची जुळणी अशीच होती. आईने एकच मोठा कटपीस स्वस्तात घेतला आणि त्यातून दोघींचे ड्रेस बेतले. येथे मला कोशातला अर्थ अपुरा वाटतो. 'प्रमाणाबाहेर' हा दोष द्यायचा तर आधी निवड हवी. ज्याच्या कपाटात दहा रंग आहेत आणि तरीही जो एकच रंग डोक्यापासून पायापर्यंत घालतो, त्याला 'मॅची-मॅची' म्हणणे योग्य. आमच्याकडे निवडीचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मैत्रिणीने शब्द व्याकरणाने बरोबर वापरला, पण तो आम्हाला लागू नव्हता.

माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की नवा शब्द ऐकला तर हसण्याला घाबरू नये, कोश उघडावा. आणि कोश मिटल्यावर तो शब्द कोण, कोणाला, कोणत्या सुरात म्हणाले तेही आठवून पाहावे.

आईला खरा अर्थ सांगायला मला आठ दिवस लागले. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "उरलेल्या तुकड्याची उशीची खोळ शिवणार आहे. तीही तुमची मॅची-मॅचीच होईल बघ."