काचेचे तळे

(मोडकी वस्तू दुरुस्त करताना हातांबरोबर बुद्धीही चालवावी लागते. गळणारी मोठी काचटाकी घरी पुन्हा कशी उभी करावी आणि त्यामागचे शास्त्र काय, हे या पाठात सांगितले आहे.)

काचेच्या टाकीत फिरणारे रंगीत मासे तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतील. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. एका दानशूर पारशी गृहस्थांच्या देणगीमुळे त्याला हे नाव मिळाले. पुढे ते जुने झाले, तेव्हा पाडून न टाकता त्याचे नूतनीकरण करण्यात आले आणि २०१५ मध्ये ते लोकांसाठी पुन्हा उघडले. असेच काम घरी लहान प्रमाणावर करता येते.

समजा, तुम्ही मेळघाटातील धारणी गावात राहता. परतवाड्याला कोणाकडे तरी एक मोठी काचटाकी पडून आहे. तिचे जोड सुटले आहेत, म्हणून ती स्वस्तात मिळते. पण सेमाडोह, हरिसाल करीत धारणीला येणारा रस्ता वळणांचा आहे. टाकी तशीच गाडीत ठेवली, तर धक्क्यांनी काच तडकेल. म्हणून ती तिथेच सोडवावी. जोडांतील जुना सिलिकॉन पात्याने कापला, की तळाची एक आणि बाजूंच्या चार अशा पाच काचा वेगळ्या होतात. त्या गोधडीत गुंडाळून उभ्या ठेवून आणाव्यात. आडवी ठेवलेली काच धक्क्याने लवकर फुटते. पाते चालवण्याचे आणि काच उचलण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे. हातात जाड मोजे असावेत.

आता थोडे गणित करू. टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच आहे. तिच्यात २४३ लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे नुसते पाणीच २४३ किलो झाले! काचा १० मिलिमीटर जाड असतील, तर त्यांचे वजन आणखी सुमारे ५० किलो. एवढा भार साध्या टेबलावर ठेवणे धोक्याचे आहे. त्यासाठी भक्कम लोखंडी घोडा हवा. तो पाणसळ लावून सपाट करावा आणि त्यावर थर्मोकोलचा तक्ता अंथरावा. नाही तर खालचा एखादा उंचवटा काचेला एकाच ठिकाणी टोचत राहतो.

पाणी काचेला बाहेरही ढकलते. टाकी काठोकाठ भरली, की समोरच्या काचेवर एकूण सुमारे १२० किलो वजनाइतका जोर पडतो. हा दाब तळाशी सर्वांत जास्त असतो, कारण दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. टाकीची लांबी दुप्पट केली, तरी तळाजवळचा दाब तेवढाच राहील. उंची दुप्पट केली, तर मात्र तो दुप्पट होईल. म्हणून उंच टाकीला जाड काच लागते.

हा सारा जोर पेलतो कोण? काचांमधला सिलिकॉनचा बारीकसा थर. जुन्या सिलिकॉनवर नवा सिलिकॉन नीट चिकटत नाही. त्यामुळे जुना थर पूर्ण खरवडून काढावा आणि कडा स्पिरिटने पुसाव्यात. त्यानंतर त्यांना बोटही लावू नये. बोटाचा तेलकटपणाही जोड कच्चा करतो. बुरशीनाशक मिसळलेला सिलिकॉन माशांना घातक असतो. तो घेऊ नये.

तळाची काच सपाट जागी ठेवावी. मग मागची, बाजूंच्या दोन आणि शेवटी पुढची काच बसवून चिकटपट्टीने आवळावी. मत्स्यपेटीसाठी वापरल्या जाणाऱ्या सिलिकॉनला वाळताना शिरक्यासारखा वास येतो. हवेतील ओलावा घेऊन तो घट्ट होतो. वऱ्हाडातील कोरड्या उन्हाळ्यात त्याला जास्त वेळ लागतो. एक आठवडा तरी टाकीला हात लावू नका.

मग टाकी अंगणात सपाट जागी ठेवून कसोटी घ्या. खाली कागद पसरा. पहिल्या दिवशी पाव, दुसऱ्या दिवशी अर्धी आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण टाकी भरा. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊनही कमी होते. तेवढ्यावरून टाकी गळते असे समजू नका. कागद ओला झाला का, ते पाहा.

टाकी टिकली, तरी मासे लगेच सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरेच कमी घातक असते. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थांबावे आणि मग दोन-चारच मासे सोडावेत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून टाकी उन्हापासून दूर ठेवावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हौस फिटली, की टाकीतले मासे सिपना किंवा तापी नदीत सोडू नका. बाहेरून आलेला ‘सकर’ मासा असाच सोडला गेला आणि भारतातील अनेक जलाशयांत पसरला. आता तो तेथील मूळ माशांचे अन्न आणि जागा बळकावतो. एका घरातील दया अशी साऱ्या नदीच्या जिवावर बेतू शकते.

उर्दूतला ‘सब्र’ आणि मराठीतली ‘सबुरी’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. काचटाकी जोडायला दोन दिवस पुरतात. सबुरी मात्र दोन महिन्यांची लागते. ती ठेवली, तरच काचेच्या त्या तळ्यात जीव सुखाने राहतात.

शब्दार्थ
नूतनीकरण – पुन्हा नवे करणे
घोडा – वजन ठेवण्यासाठी केलेली चौकट
पाणसळ – जागा सपाट आहे का, हे पाहण्याचे साधन
कसोटी – परीक्षा
जिवावर बेतणे – जीव धोक्यात येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तारापोरवाला मत्स्यालय कोणत्या साली सुरू झाले?
(आ) टाकीखाली थर्मोकोल का अंथरतात?
२. कारणे लिहा.
(अ) उंच टाकीला जाड काच लागते.
(आ) टाकीतले मासे नदीत सोडू नयेत.
३. ‘जिवावर बेतणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. ‘सबुरी’प्रमाणे उर्दूत आणि मराठीत आढळणारे पाच शब्द शोधून लिहा.
५. ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच टाकीत किती लिटर पाणी मावेल?