हरसूलहून एमओटीएचचा अर्ज

हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुक्याचं गुजरातकडचं टोक. इथून नर्सिंगचे, डीएडचे, पोलीस भरतीचे अर्ज भरणारे पुष्कळ. ऑक्युपेशनल थेरपीत पदव्युत्तर करायचंय म्हटलं की आधी ते काय असतं इथूनच सुरुवात होते. मी बीओटीएचनंतर, म्हणजे याच विषयातल्या पदवीनंतर, काही काळ नोकरी करून एमओटीएचचा हा अर्ज भरला, पुढचं शिक्षणही झालं. आता मागून येणारी मुलं-मुली फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: 'ताई, सीईटीला कुठलं पुस्तक वाचू?' पुस्तकाचं मी सांगतेच. उरलेलं फोनवर सांगून होत नाही, म्हणून हे.

१. 'का करायचंय?' हे इथे कोणी विचारत नाही.

राज्य सीईटी कक्षाची परीक्षा, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, जागा. तुम्ही कोण, कुठून आलात, शिकून काय करणार, याला फॉर्ममध्ये रकाना नाही. अमेरिकेत २००७ पासून या व्यवसायात शिरायलाच पदव्युत्तर शिक्षण लागतं, आणि तिथे अर्जासोबत स्वतःबद्दल निबंध द्यावा लागतो. बाहेर अर्ज करणारे माझे वर्गमित्र त्या निबंधापायी वैतागायचे. मला मात्र ती पद्धत आवडते. आपल्याकडे कोणी मागत नसलं तरी एक पान लिहून काढा, मराठीत लिहिलं तरी चालेल. पसंतीक्रम भरताना घरचे, सीनियर आणि सायबर कॅफेवाला, तिघंही सल्ले देतात. तेव्हा ते पान जवळ असलेलं बरं.

२. आधी काम करा. निदान गावाकडचे पेशंट तरी बघा.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझं ते पान यातूनच आलं. वॉर्डात आम्ही बार्थेल इंडेक्स भरायचो. १९६५ पासून जगभर वापरात असलेलं मोजमाप: जेवण, आंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना अशा दहा गोष्टी, एकूण गुण शंभर. पक्षाघात झालेल्या, उजवी बाजू लुळी पडलेल्या एका आजी आमच्याकडे होत्या, आमच्याच भागातल्या एका पाड्यावरच्या. हळूहळू गुण चांगले वाढले. जिन्याचेही मिळाले, दवाखान्याच्या पायऱ्या त्या कठडा धरून चढल्या. त्यांच्या घराला जिना नाहीच. उंच उंबरा आहे, आणि विहिरीकडे जाणारी घसरणीची वाट आहे. त्या दोन्हींचा फॉर्ममध्ये उल्लेख नाही.

विचारलं, 'आजी, आता काय जमायला हवंय?' म्हणाल्या, 'भाकर. सुनेची जाड होती.'

नागलीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळलं तरी थापताना कडा फाटतात. एक हात थापतो, दुसरा कड सावरत भाकरी फिरवत राहतो. आजींचा उजवा हात थापण्याइतका मोकळा व्हायला वेळ होता. पण कड सावरायची तर तळवा उघडून परातीत टेकता आला तरी पुरत होतं. मग थापायचं काम डाव्याकडे, सावरायचं उजव्याकडे. बसायला उंच पाट, परातीखाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. पहिल्या भाकऱ्या सुनेच्यापेक्षा जाड झाल्या, ते सुनेनेच हसत सांगितलं. पेशंटला स्वतःचं महत्त्वाचं काम निवडायला लावून त्यावर गुण देणारं मोजमापही आहे, कॅनडातून १९९१ मध्ये आलेलं सीओपीएम. कॉलेजात ते मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आजींनंतर ते पुन्हा काढून वाचलं, आणि पुढे काय शिकायचं ते ठरलं.

३. कागद अभ्यासाच्या आधी.

आदिवासी उमेदवार असाल तर जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं. बीओटीएचच्या वेळी काढलं असेल तर जपून ठेवा. नसेल तर सीईटीच्या पुस्तकाआधी वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि महसूलचे जुने उतारे शोधायला लागा. एका कागदावर 'कोकणा', दुसऱ्यावर 'कोकणी' अशी नोंद असते. अनुसूचीत दोन्ही एकाच ओळीत आहेत, पण खिडकीपलीकडच्या माणसाला ते तुम्हालाच दाखवावं लागतं. यादीची प्रतच घेऊन जा, वाद घालायची वेळ येत नाही. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि राज्य परिषदेची नोंदणीही आधीच हातात असू द्या. या दोन्हींना वेळ लागतो आणि फॉर्मची तारीख कोणासाठी थांबत नाही.

पुराव्यासाठी सगळे '१९५० पूर्वीचं काही आहे का' असं विचारतात. आपल्या विषयाचा इतिहासही त्याच सालचा. मुंबईत केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा १९५० मध्ये सुरू झाली ती कमला निंबकरांनी. जन्माने अमेरिकन, आधीचं नाव एलिझाबेथ लंडी. लग्न करून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. १९५२ मध्ये जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापक देशांत भारत होता, तो त्यांच्यामुळे. इतक्या जुन्या विषयाला आपल्या तालुक्यात अजून 'मालीशवाली ताई' म्हणतात, ते असो.

४. शाखा निवडताना मार्केट बघू नका असं मी म्हणणार नाही.

बघा. शहरात बालविकासाच्या क्लिनिकना मागणी आहे, त्यात गैर काही नाही. फक्त आपल्याकडचीही गरज मोजा. गिरणाऱ्याच्या नाक्यावर पहाटे उभी राहणारी आपली माणसं द्राक्षबागेत जातात, दिवसभर कात्री चालवतात. त्यांच्या बोटांचं, मनगटाचं दुखणं घेऊन कोणी हाताच्या थेरपिस्टकडे जात नाही, कारण तसा थेरपिस्ट जवळपास नसतोच. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेत मुलं तपासून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. सेरेब्रल पाल्सीचं मूल कडेवर घेऊन आईने एसटीने नाशिक गाठायचं, तेही आवणीच्या दिवसांत, म्हणजे मजुरी बुडवून. अशा घराला दर आठवड्याला बोलावणारी उपचारपद्धती काय कामाची? मी न्यूरो घेतलं, आजींमुळे. आज निवडायचं झालं तर मुलांची शाखा घेईन कदाचित.

५. कॉलेजच्या नावाआधी गाइड.

प्रबंध लिहायचा असतो, आणि तो एका माणसाच्या हाताखाली लिहायचा असतो. केईएम, नायर, सायन, नागपूरचं शासकीय महाविद्यालय, नावं सगळी मोठी आहेत. तिथे सध्या शिकणाऱ्या दोघा-तिघांना गाठा आणि सरळ विचारा: गाइड वेळ देतात का, वॉर्डाबाहेरचा विषय घेऊ देतात का? मला पाड्यावरच्या घरांत जाऊन काम करायचं होतं. एका ठिकाणी 'सॅम्पल कुठून मिळणार?' एवढंच ऐकायला मिळालं. दुसऱ्या ठिकाणी नैतिकता समितीपुढे संमतीपत्र लोकांना कळेल अशा भाषेत कसं मांडायचं, यावर तासभर बोलणं झालं. पसंतीक्रम तिथेच ठरला.

६. सीईटी.

जुने प्रश्न सोडवा, शरीररचना पक्की करा, रोज थोडं वाचा. यात माझ्याकडे वेगळं काही नाही.

७. मूळ कागद कॉलेजात जमा होतात.

ते दिल्यावर शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृह, स्वयम् योजना, सगळ्यांना तेच कागद पुन्हा हवे असतात. आधीच नाशिकला रंगीत स्कॅन करून घ्या, साक्षांकित प्रतींचे दोन-तीन संच करा, एक घरी ठेवा. आणि आईबापांना सांगून ठेवा की तो संच कोणाला द्यायचा नाही, नात्यातल्या कोणी 'माझ्या पोराला नमुन्यासाठी पाहिजे' म्हणून मागितला तरी. फोटो काढून द्या.