शेळी परत आणायची कशी?

पालकहो, आपल्या आमोण्याच्या मुलांना नदी काही नवी नाही. मांडवीच्या अल्याड आपण, पल्याड खांडोळा. म्हणून आज नदीचंच एक जुनं कोडं घेऊन तुमच्याशी बोलायला बसले आहे. एका माणसाला वाघ, शेळी आणि गवताचा भारा पलीकडे न्यायचा आहे. होडीत त्याच्याबरोबर एकच मावतं. तो नसताना वाघ शेळीला खाईल, शेळी गवत खाईल. मग न्यायचं कसं?

हे कोडं संध्याकाळी सोप्यावर मुलांना घाला आणि उत्तराकडे नाही, मुलांकडे बघा. एक मूल विचार न करता 'आधी वाघ!' म्हणेल, फसेल, पुन्हा सुरू करेल. दुसरं करवंटीची होडी करून त्यात काजूची बी ठेवेल आणि ती खरोखर इकडून तिकडे नेईल. तिसरं आधी विचारेल, 'कोणाला कोणाजवळ ठेवायचं नाही?' भांडणाच्या दोन्ही जोड्यांत शेळी आहे, म्हणजे आधी तीच न्यायला हवी, हे त्याला फेरी सुरू होण्याआधीच कळेल.

आपल्याला तिसरंच मूल हुशार वाटतं. मला तसं वाटत नाही. पहिलं मूल चुकून शिकतं, दुसरं डोक्यातला भार हातांवर टाकतं. शिवाय एकच मूल आज एक वाट धरतं, उद्या दुसरी. रॉबर्ट सिग्लर या मानसशास्त्रज्ञांनी 1996 सालच्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं. मुलं जुनी रीत टाकून नवी धरत नाहीत, अनेक रीती एकाच वेळी जवळ बाळगतात. नऊ अधिक सहा कधी बोटांवर मोजतात, तर कधी सहातला एक नवाला देऊन दहा अधिक पाच करतात. बोटं मोजली म्हणून ओरडू नका. जमत जाईल तशी चांगली रीत जास्त वेळा हाताशी येते.

आता खरी मेख. शेळी पलीकडे पोचली, मागोमाग वाघही पोचला. पुढे? चौथ्या फेरीत शेळीला परत अलीकडे आणावं लागतं. बहुतेक मुलं इथेच अडतात, कारण केलेलं काम उलटं करायचं मनाला पटत नाही. मोठ्यांचंही तेच. 1974 साली जॉन थॉमस यांनी विद्यार्थ्यांना याच जातीचं, तिघा-तिघांना नदीपार नेण्याचं कोडं घातलं. पलीकडे गेलेल्यांपैकी दोघांना परत आणायच्या पायरीवर ते रेंगाळले. प्रत्येक पावलाला किनारा जवळ यायलाच हवा, हा आपला हट्ट आड येतो.

नेमक्या त्याच क्षणी आपण काय करतो? 'अरे, शेळी परत आण की!' सांगून मोकळे होतो. सात फेऱ्यांचं उत्तर मिळतं, पण मागे यावं लागलं तरी आपण पुढेच चाललो आहोत, हे मुलाला स्वतः उमगायचं राहून जातं. घड्याळ लावून कोडं घालणं तर नकोच. घाईत मूल ओळखीचीच वाट धरतं, नवी शोधत नाही.

मग विचारायचं काय? 'उत्तर आलं का?' याऐवजी 'सुरुवात कुठून केलीस?', 'अडलास तेव्हा काय बदललंस?' अगदीच अडलं तर एवढंच सांगा, 'होडी येताना रिकामीच यायला हवी, असं कोणी म्हटलंय?'

सुटलं की त्यालाच म्हणा, 'आता हे आजीला घाल.' आजी चौथ्या फेरीला अडेल. त्याच्या ओठांवर उत्तर येईल, तरी तो गप्प बसतो का, ते बघा. बसला, तर आपणही त्याच्याकडून तेवढं शिकून घेऊ.