साकोलीहून भूतानला: जवानाच्या बायकोचे अनुभवाचे बोल

जवानाच्या बढतीची बातमी गावभर होते. त्याच्या बायकोचे कागद मात्र ट्रंकेत तसेच पडून असतात. माझ्या यजमानांची बदली भूतानला झाली. आपल्या लष्कराचं प्रशिक्षण पथक, म्हणजे इम्ट्रॅट, 1962 पासून तिथे आहे आणि त्याचं मुख्यालय पश्चिम भूतानमधल्या ‘हा’ नावाच्या खोऱ्यात आहे. परवानगी मिळाली तशी मुलाला घेऊन मीही तिथे राहून आले. त्या काळात जे उमगलं ते आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या फौजी घरांत नव्याने आलेल्या सुनांसाठी लिहिते आहे.

1. अंगाची हळद निघायच्या आत लग्नाची नोंद करा.
जवानाची सुट्टी मोजकी असते. पाहुणे, देवदर्शन, मांडवपरतणी यांतच ती सरते. आपल्या राज्यात विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा आहे. गावात ग्रामपंचायतीतच नोंद होते. नवरा-नवरी आणि तीन साक्षीदार लागतात. सगळे गावात असतानाच सह्या उरकून घ्या. लग्नपत्रिका आणि फोटो जपून ठेवा, पण दाखल्याची जागा ते घेत नाहीत.

2. पार्ट टू ऑर्डर निघाली का, ते विचारा.
दाखला हातात आला म्हणजे अर्धंच काम झालं. तो आणि जॉइंट फोटो युनिटमध्ये जमा झाला, पार्ट टू ऑर्डर निघाली, की रेकॉर्ड ऑफिसात बायको म्हणून आपलं नाव चढतं. डिपेंडंट कार्ड, मिलिटरी हॉस्पिटलमधले उपचार, फॅमिली क्वार्टर आणि देव न करो, वेळ आलीच तर फॅमिली पेन्शन, हे सारं त्या नोंदीवर उभं असतं. त्या ऑर्डरची एक प्रत घरी मागून घ्या. नवऱ्याला हे विचारण्यात अविश्वास नाही, शहाणपण आहे.

3. नाव कोणतं लावायचं, ते आधी ठरवा.
आपल्याकडे लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं, असं झालं की प्रत्येक खिडकीवर शपथपत्र मागतात. माहेरचं नाव कायम ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या आणि मग सगळीकडे तेच लावा. इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षरही सुटू देऊ नका.

4. आधार कार्डावर भूतानची वेस ओलांडता येत नाही.
भारतीयांना भूतानचा व्हिसा लागत नाही. त्यामुळे आधार पुरेल, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. तिथे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं, आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली असावी लागते. नव्या सुनेचं नाव बहुधा माहेरच्या मतदार यादीत असतं. ते सासरी आणायला नमुना 8 भरावा लागतो. माझं म्हणणं असं, की फौजी घरातल्या बाईने पासपोर्ट काढूनच ठेवावा. आपलं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. पोलीस पडताळणी ज्या पत्त्यावर होणार तो पत्ता खरा आणि राहता असू द्या.

5. मुलाचा दाखला बदलीच्या आधी हातात घ्या.
फौजेतल्या लेकरांचा जन्म आज इथे तर उद्या तिथे होतो, आणि जन्माची नोंद जन्म झाला त्याच गावी होते. बदली झाल्यावर तिथे परत जाणं फार अवघड. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. भूतानच्या प्रवासातही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तो चालतो. दाखल्यावर आईचं नाव तिच्या इतर कागदांशी जुळतं का, ते तिथल्या तिथे वाचून पाहा.

6. नव्या मुलखात हळूहळू रुळा.
वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून हावडा, पुढे हासीमारा, मग जयगाव आणि वेशीपलीकडे फुन्शोलिंग, अशी वाट आहे. हा खोरं सुमारे 2,700 मीटर उंचीवर आहे. आपल्या धानाच्या बांध्यांतून गेलेल्या माणसाला तिथे दम लागतो, थंडी हाडांत शिरते. पहिले काही दिवस आराम करा, पाणी भरपूर प्या. तिथलं चलन रुपयाच्या बरोबरीचं आहे. भातही आहे, पण लाल तांदळाचा. युनिटमधल्या इतर भाभींशी लवकर ओळख करून घ्या. परक्या मुलखात त्याच माहेर होतात.

7. जिथे सोबत जाता येत नाही, तिथली तयारी वेगळी.
संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला किंवा लेबनॉनला जाणारा जवान कुटुंब नेऊ शकत नाही. फील्ड पोस्टिंगचंही तेच. तो निघण्याआधी बँकेत जॉइंट खातं, आर्मी ग्रुप इन्शुरन्स आणि भविष्य निर्वाह निधीतलं नॉमिनेशन पाहून घ्या. सातबारा त्याच्या नावावर असेल तर पीककर्जाची आणि धानविक्रीची कामं अडतात. त्यासाठी मुखत्यारपत्र करून ठेवा.

8. एजंटाकडे जाण्याआधी सैनिक कल्याण कार्यालयात जा.
जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय भंडाऱ्याला आहे. जवानांच्या आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांना मार्गदर्शन करणं हेच त्याचं काम. सासऱ्यांना किंवा दिराला धाडू नका, स्वतः जा. आपला अर्ज आपण लिहिला की पुढच्या वेळी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही.

बायांनो, देशासाठी तो घर सोडतो, तसं आपणही सोडतो. म्हणून त्याच्या सेवेच्या कागदात आपलं नाव ठळक आणि बिनचूक असणं हा आपला हक्क आहे. येत्या सुट्टीत तो घरी आला की पहिल्याच आठवड्यात दोघं मिळून हे काम करा.