इंग्रजीतील षष्ठी विभक्ती व शब्दांची सोबत

मराठीत ‘भावाचे शेत’ व ‘भावांचे शेत’ ह्यांत केवळ एका अनुस्वाराचा भेद आहे. परंतु शेत एकट्याचे की सर्व भावांचे, हे त्या एका टिंबावर अवलंबून असते. इंग्रजीत हेच काम एका लहानशा खुणेकडे आहे. तिला अपॉस्ट्रफी म्हणतात. ती स्वल्पविरामासारखी दिसते, परंतु ओळीच्या तळाशी न लिहिता अक्षरांच्या माथ्याशी लिहितात. ज्यास इंग्रजीत अर्ज अथवा पत्र लिहावयाचे आहे, त्याने ती कोठे ठेवावी हे नीट समजून घ्यावे.

पहिला नियम. मालक एक असल्यास नामापुढे आधी खूण व मग एस हे अक्षर लिहावे. मालक अनेक असून अनेकवचनाचा एस आधीच लागला असल्यास खूण त्या एसच्या पुढे ठेवावी. ‘माय ब्रदर्स फील्ड’ हे शब्द दोन्ही अर्थी सारखेच ऐकू येतात. भेद कळतो तो कागदावर. खूण एसच्या अलीकडे पडली तर शेत एका भावाचे, पलीकडे पडली तर एकाहून अधिक भावांचे. रजेच्या अर्जातही असेच आहे: ‘वन डेज लीव्ह’ ह्यात खूण एसच्या आधी, ‘टू डेज लीव्ह’ ह्यात नंतर. मेन, विमेन, चिल्ड्रन ही अनेकवचने एसवाचून होतात. ह्यास्तव त्यांस आधी खूण व मग एस लावावा.

दुसरा नियम. हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स व इट्स ह्या सर्वनामांस खूण लावू नये. ‘इट्स’ खुणेसह लिहिले तर त्याचा अर्थ ‘त्याचे’ असा न होता ‘ते आहे’ असा होतो. कारण तेथे गाळलेल्या अक्षराची जागा ती खूण दाखविते. ‘इट्स’ हे षष्ठीचे रूप फार जुने नाही. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात ते नव्हते. म्हणून त्या भाषांतरात झाडाविषयीही ‘हिज’ आढळते, त्याचे नवल वाटू नये.

तिसरा नियम. मालक मनुष्य किंवा प्राणी असता बहुधा खूण वापरतात. निर्जीव वस्तूविषयी बहुधा ‘ऑफ’ घालतात, किंवा दोन नामे नुसती जवळ ठेवितात. जसे, ‘द लेग ऑफ द टेबल’ अथवा ‘टेबल लेग’. काळ दाखविणारे शब्द मात्र, वर रजेच्या उदाहरणात पाहिल्याप्रमाणे, खूण घेतात.

आता शब्दांच्या सोबतीविषयी. आपण भाजी चिरतो, लाकूड फोडतो, झाड तोडतो व पीक कापतो. कोणी ‘लाकूड चिरून चुलीत घातले’ किंवा ‘पीक फोडले’ असे म्हटल्यास तो परका आहे हे लहान मूलही ओळखील. इंग्रजीतही कोणत्या शब्दाबरोबर कोणता शब्द यावा हे रूढीने ठरले आहे. आपण चूकही ‘करतो’ व अभ्यासही ‘करतो’. इंग्रजीत मात्र चुकीस ‘मेक’ व घरच्या अभ्यासास ‘डू’ लागते. जोराच्या पावसास ‘हेवी’ म्हणतात, कडक चहास ‘स्ट्राँग’. खोटे बोलणे ह्यास ‘टेल’ हा शब्द लागतो, ‘स्पीक’ नव्हे. ह्यास्तव नवा शब्द एकटा पाठ करू नये. त्याच्या सोबत्यासह वहीत लिहून ठेवावा.

अभ्यास. पुढील वाक्यांचे इंग्रजी करावे, व खूण कोठे येते आणि कोठे येत नाही ते दाखवावे.
१. ही माझ्या बहिणीची विहीर आहे.
२. ही माझ्या बहिणींची विहीर आहे.
३. मला तीन दिवसांची रजा पाहिजे.
४. मुलांची पुस्तके कोठे आहेत?
५. गाईने आपले वासरू चाटले.

पहिले व दुसरे वाक्य लिहून झाल्यावर ती मोठ्याने वाचावी. कानास दोन्ही सारखीच वाटतील. म्हणून सही करण्यापूर्वी खूण डोळ्यांनी पाहावी.