डबीतला चष्मा

गेल्या महिन्यात साठी ओलांडलेल्या एक बाई तपासणीला आल्या. डोक्यावर पदर, आणि नाकावर रुंद, काळ्या, पुरुषी फ्रेमचा चष्मा. एका दांडीला शिवणाचा दोरा गुंडाळलेला. चष्मा सारखा घसरत होता आणि त्या दर दोन वाक्यांनी तो पदरासकट वर सारत होत्या.

"कोणाचा हा?" मी विचारलं.

"मालकना शे," त्या म्हणाल्या. मालक जाऊन तीन वर्षं झाली होती.

तपासलं. मालकांचा नंबर वेगळा, बाईंचा वेगळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर वेगळं. काच आपल्या बाहुलीसमोर नेमकी बसली नाही, तर नंबर बरोबर असूनही डोळ्यांना ओढ बसते आणि पोथीचं अर्धं पान वाचून होईतो कपाळ ठणकायला लागतं. बाईंचं तेच होत होतं. मी नवा चष्मा घ्या म्हटलं, तर त्या हसल्या. "आते या वयमा माले काय शोभस?"

शिंदखेड्यात आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो की आज त्यावरच लिहितो आहे. आम्ही डॉक्टर मंडळी शोभण्याचा भाग हसण्यावारी नेतो आणि नंबर लिहून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. नंतर लक्षात आलं की लिहून दिलेले कितीतरी चष्मे घरी डबीत पडून असतात. डबी कपाटात, कपाटाची चावी कमरेला, आणि आजी तांदूळ निवडायला शेजारच्या पोरीला हाक मारतात. डोळ्यांवर न चढलेला चष्मा म्हणजे न घेतलेलं औषध. तो आरशात आवडला नाही, तर डोळ्यांवर चढत नाही. म्हणून माझ्या लेखी फ्रेमची हौस हा उपचाराचाच भाग आहे, आणि सत्तरीतही ती करायची असते.

आपल्या भाषेनं या दोषाचं नाव वयावरूनच ठेवलं आहे: चाळिशी. चष्म्यालाही चाळिशी आणि दोषालाही चाळिशी. डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं, जवळचं पाहताना ते फुगतं. वयानुसार ते ताठर होत जातं आणि चाळिशीच्या आसपास अक्षरं हातभर लांब धरावी लागतात. साधारण साठीपर्यंत जवळचा नंबर वाढत जातो, पुढे बहुधा स्थिरावतो. हे सगळ्यांना होतं. जन्मभर चष्मा न लागलेल्यांनाही होतं, आणि चष्मा वापरल्यानं नंबर वाढतो ही समजूत खोटी आहे.

पण "मी कुठं वाचते?" असं म्हणणाऱ्या बाईला चाळिशीचा चष्मा कशाला, हा प्रश्न घरातली शिकलेली माणसंसुद्धा विचारतात. त्यांना मी आसाममधला एक अभ्यास सांगतो. चहाच्या मळ्यांत पानं खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर तो झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लगेच जवळचा चष्मा दिला, उरलेल्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची रोजची खुडणी बाकीच्यांपेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढली. वाचनाचा तिथे संबंध नव्हता, हात आणि पान एवढंच काम. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या, किंवा दोंडाईच्याच्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांचं काम त्याहून वेगळं आहे का? शिवाय मिरचीत बसणाऱ्या बाईच्या डोळ्यात तिखटाची धूळ थोडी कमी जाते, हा वरकड फायदा.

आता दुकानात जाण्याआधीच्या दोन गोष्टी. पहिली साखरेची. मधुमेहात साखर चढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरतं आणि नंबर बदलतो. साखर उतरली की पुन्हा बदलतो. वर-खाली होत असताना काढलेला चष्मा महिन्याभरात निकामी वाटतो आणि शिव्या दुकानदाराला बसतात. साखर चार-सहा आठवडे ताब्यात राहू द्या, मग नंबर काढा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध घालून पडदाही तपासून घ्या. चष्म्याचा नंबर निघाला म्हणजे डोळा तपासला गेला, असं होत नाही.

दुसरी गोष्ट जरा गमतीची आहे, पण तिला फसू नका. एखाद्या आजींना पासष्टीत अचानक चष्म्याशिवाय सुई ओवता येऊ लागते. घरात आनंद होतो, देवानं डोळे परत दिले म्हणतात. खरं तर तो मोतीबिंदूचा एक प्रकार असतो. भिंगाचा गाभा घट्ट होत जातो आणि डोळा जवळच्या बाजूला झुकतो. जवळचं दिसायला लागतं, त्याच वेळी एसटीची पाटी मात्र पुसट होते. पुढे काही काळानं जवळचंही जातं. अशा वेळी नवीन फ्रेमवर खर्च करू नका, आधी तपासणी. शस्त्रक्रियेची भीती अजून आहे, आणि त्या भीतीमागे बहुतेक वेळा जुना चष्मा असतो: सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा, त्यांतून दिसणारे वटारलेले डोळे. ती आठवण खरी आहे. पूर्वी मोतीबिंदू काढला की भिंगाची जागा रिकामीच राहायची, म्हणून तेवढी जाड काच लागायची. कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली केली, पण ते सरसकट आपल्या दारापर्यंत यायला पुढे कित्येक दशकं गेली. आज भिंग आतच बसतं. डोळ्याची जखम भरली की महिना-दीड महिन्यानं चाळिशीपुरता हलका चष्मा लागतो, आणि नव्या फ्रेमची हौस करायची खरी वेळ तीच.

नंबर काढायला याल तेव्हा आपलं काम सोबत आणा. पोथी वाचत असाल तर पोथी, शिवत असाल तर सुई-दोरा. मिरची आणू नका, पण बसल्यावर डोळ्यापासून सूप किती लांब असतं ते सुतळीनं मोजून सुतळीला गाठ मारून आणा. हे मी थट्टेत सांगत नाही. वाचायचा नंबर साधारण हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी काढतात. मांडी घालून पुढ्यातलं धान्य निवडणाऱ्याचं अंतर त्याच्या दीडपटही असू शकतं. वाचायच्या नंबरात ते धूसर दिसतं, आणि मग "डॉक्टरनं नंबर चुकवला" असं होतं. सुतळी दिसली की नंबर बदलता येतो.

बाजारात टोपलीत मिळणाऱ्या तयार चष्म्यांबद्दल लोक मला घाबरत घाबरत विचारतात. मी ते फेकून द्या म्हणत नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरपा (सिलिंड्रिकल) नंबर नसेल, तर चुलीजवळ ठेवायला दुसरा चष्मा म्हणून ते चालतात. डोळे बिघडत नाहीत. त्यांनी होणारं नुकसान वेगळं आहे: काम भागतं, आणि काचबिंदूसारखा मुका आजार वर्षानुवर्षं तपासला जात नाही.

आता फ्रेम. इथे मी सवडीनं बोलणार आहे.

चष्म्याची फ्रेम माणसाची ओळख कशी बनते ते पाहायचं असेल तर स्वच्छ भारतचं बोधचिन्ह पाहा. कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी ते केलं. चेहरा नाही, टोपी नाही, पंचा नाही. दोन गोल आणि मधला पूल, तरी कोणीही सांगतं की हे गांधीजी. त्या गोल फ्रेमला कोणी नखरा म्हटलं नाही. मग आपल्या आजीनं जराशी रंगीत फ्रेम घेतली की सुना-लेकी तोंडाला पदर का लावतात?

वय वाढतं तसा चेहरा बदलतो, म्हणून तरुणपणी शोभलेली फ्रेम आता शोभेलच असं नाही. केस पांढरे होतात, भुवया विरळ होतात, गाल बसतात, नाकावरची कातडी पातळ होते. पांढऱ्या केसांखाली जाड काळी चौकट फार बोलते. तपकिरी, मरून, राखाडी रंग चेहऱ्याला धरून राहतात. फ्रेमची वरची कड भुवईच्या रेषेला लागून जावी. खालची कड गालावर टेकू नये. हसून पाहा, चष्मा वर उचलला गेला तर तो मोठा आहे. नाकाचा पूल बसका असेल तर हलणारे पॅड असलेली फ्रेम घ्या, ती वाकवून बसवता येते. पॅडखाली काळे डाग किंवा खाज आली तर धातूतल्या निकेलची ॲलर्जी असू शकते, फ्रेम बदला. नंबर मोठा असेल तर लहान फ्रेम घ्या, काच तेवढी पातळ आणि हलकी होते. उणे नंबरची काच कडेला जाड असते, अधिक नंबरची मध्ये. म्हणून फ्रेम जितकी रुंद तितकं वजन नाकावर.

आणि डोक्यावर पदर घेणाऱ्यांनी फ्रेम पदर घेऊनच घालून पाहावी. हे दुकानात कोणी सांगत नाही. पदर दांडीवर दाब देतो आणि चष्मा पुढे येतो. पातळ, कानामागे नीट वळलेली दांडी पदराखाली राहते; रुंद दांडी राहत नाही. कानाचं यंत्र असेल तर तेही लावूनच दुकानात जा. आप्पा मंडळींनी टोपी घालून पाहावी. टोपीला पुढे कड नसते, त्यामुळे ऊन सरळ डोळ्यांवर येतं. शेतात आयुष्य गेलेल्यांच्या डोळ्यात नाकाकडून बुबुळावर चढणारी मांसल वेल तुम्ही पाहिली असेल. ऊन, वारा आणि धूळ ही तिची कारणं. शेतात जाणाऱ्यानं अतिनील किरण अडवणारी काच मागून घ्यावी. काच जितकी काळी तितकं संरक्षण, हे खरं नाही. हे किरण पारदर्शक काचही अडवू शकते. उन्हात आपोआप काळी होणारी काच बऱ्याच जणांना हवी असते. घ्या, पण दोन गोष्टी ठाऊक असू द्या. पारा ४४ वर गेला की ती पुरेशी काळी होत नाही, आणि गाडीच्या काचेमागे तर जवळजवळ होतच नाही.

पुण्याचा मुलगा आई-वडिलांसाठी महागडा प्रोग्रेसिव्ह चष्मा करून पाठवतो. प्रेमानं पाठवतो, म्हणून नाही म्हणवत नाही. त्यात वर लांबचं, खाली जवळचं, मधे रेघ नाही. कडेला मात्र धूसर असतं आणि मान वळवून पाहायची सवय करावी लागते. पन्नाशीत सुरुवात केलेल्यांना ते जमतं. पंच्याहत्तरीत पहिल्यांदाच घालणाऱ्याला मी सहसा देत नाही, बायफोकलही विचार करूनच देतो. कारण पायऱ्या. खाली पाहिलं की नजर जवळच्या काचेतून जाते आणि पायरीची कड पुसट होते. ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासांत अशा काचा वापरणारे वृद्ध जास्त पडतात असं दिसलं आहे. उन्हाळ्यात धाब्यावर झोपणारे आपण, पहाटे अंधारात त्या उभ्या जिन्यानं उतरतो. माझा कल दोन वेगळ्या चष्म्यांकडे आहे: एक लांबचा, चालताना, एक जवळचा, बसून. दोन फ्रेम वेगवेगळ्या रंगांच्या घ्या, म्हणजे कोणता कुठला ते शोधायला तिसरा चष्मा लागत नाही. वर्षानुवर्षं बायफोकलवरच सुखी असाल तर मात्र उगाच बदलू नका.

काच पदरानं किंवा धोतराच्या सोग्यानं कोरडी पुसू नका, आपल्याकडची धूळ काचेवर चरे पाडते. आधी पाणी, मग मऊ कापड. ट्रॅक्टरवर उन्हात चष्मा ठेवला तर फ्रेम वाकते आणि काचेवरचा थर तडकतो.

पैशांची अडचण असेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना विचारा. राष्ट्रीय कार्यक्रमातून ज्येष्ठांना जवळचे चष्मे मोफत देण्याची तरतूद आहे. आणि चष्मा कोणताही असो, महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहा. सरळ गज वाकडे दिसले, डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं, विजेसारखे चमकारे दिसले किंवा डोळा दुखून दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचा नेत्रतज्ज्ञ गाठा.

त्या बाईंचं पुढे काय झालं? नात सोबत आली होती. दुकानात तिनं प्रत्येक फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढला, कारण चष्मा उतरवल्यावर आरशातलं स्वतःला दिसत नाही, ही अडचण नातीलाच सुचली. मग मालकांच्या चष्म्यातून बाईंनी ते फोटो एकेक करून न्याहाळले आणि मरून रंगावर बोट ठेवलं. ती फ्रेम बाहेर जाताना घालायची. मालकांची फ्रेम मोडीत काढायला त्या तयार नव्हत्या. प्लास्टिक अजून ठिसूळ झालं नव्हतं, तेव्हा दुकानदारानं त्याच फ्रेममध्ये बाईंच्या नंबरच्या काचा, केंद्र त्यांच्या बाहुलीसमोर येईल अशा कापून बसवल्या. ती पोथीसाठी, देवघरात. त्यानं दांडीला नवा स्क्रूही घातला. दोरा कापायला कात्री उचलली तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला. तो दोरा मालकांनी बांधला होता.