आमची गोधडी : माप, चौकोन आणि रंगसंगती



ज्या घरात गोधडी नाही असे घर आपल्या हिंगोली जिल्ह्यात शोधूनही सापडायचे नाही. कोणी तिला गोधडी म्हणतात, कोणी वाकळ म्हणतात. थंडी पडली की आपण ती ओढून घेतो, सकाळी घडी घालून उतरंडीला ठेवतो. पण ती शिवतात कशी, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? गेल्या दिवाळीपर्यंत मलाही सांगता आले नसते.

दिवाळीच्या आधी आमच्या घरी बाळ आले. माझा धाकटा भाऊ तोपर्यंत आईच्या गोधडीत झोपत असे. आता तिथे बाळ झोपू लागले. भाऊ रुसला. बाबा म्हणाले, "बाजारातून ब्लँकेट आणू." आजी म्हणाली, "ब्लँकेट आणा की. पर त्याला त्याची हक्काची गोधडी पाहिजे. म्या शिवते. सुई मात्र पोरीनं ओवायची." आजीला आता सुईचे नेढे दिसत नाही. मी रोज शाळेत जाण्याआधी पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवू लागले, आणि सुया ओवता ओवता शिवायलाही शिकले. जे शिकले ते या लेखात क्रमाने सांगते.

गोधडीत ऊब कोठून येते?

गोधडी म्हणजे कपड्याचे थर. सर्वांत वर तुकड्यांचा रंगीत थर, मध्ये जुनी धोतरे किंवा लुगडी, खाली अस्तर. हे सगळे धावदोऱ्याने एकत्र शिवलेले असते. थरांच्या मध्ये हवा अडकून राहते. हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे, हे आपण विज्ञानात शिकलो. त्यामुळे अंगाची उष्णता लवकर बाहेर जात नाही. म्हणून एका जाड कापडापेक्षा चार पातळ कापडांची गोधडी जास्त ऊब देते.

साहित्य

जुने सुती कपडे, कात्री, मोठी सुई, जाड सुती दोरा, बोटात घालायचे अंगुस्तान, मोजपट्टी, खडू आणि एक जुना पुठ्ठा.

कपडे सुतीच घ्यावेत. नायलॉन-पॉलिएस्टरची साडी दिसायला छान असते, पण ती घाम शोषत नाही. शिवाय चुलीची ठिणगी पडली तर असे कापड वितळून कातडीला चिकटते. लुगडे बसण्याच्या जागी आधी विरते, पण पदर आणि काठ बरेच दिवस मजबूत राहतात. आजी कापड उजेडासमोर धरते. जिथून जास्त उजेड दिसला तिथे कापड विरले असे समजायचे. तो भाग आतल्या थरात घालायचा, वर लावायचा नाही.

सर्व कपडे आधी धुऊन वाळवावेत. लाल आणि निळ्या कापडाचा रंग जातो का ते पाहावे. त्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने कापड घासायचे. फडके रंगले तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नये.

माप

आम्ही वरच्या थरासाठी १८ सेंमीचे चौकोन करायचे ठरवले. १८ च का? कारण १८ ला २ ने भाग जातो आणि ३ नेही जातो. एकाच मापात निरनिराळे नमुने बसतात.

शिवताना प्रत्येक कडेला १ सेंमी कापड आत दुमडले जाते. दोन्ही बाजू धरून २ सेंमी. म्हणून तुकडा कापताना नेहमी २ सेंमी जास्त घ्यायचा. पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला की प्रत्येक वेळी मोजावे लागत नाही.

१) चार तुकड्यांचा चौकोन : १८ ÷ २ = ९. त्यात २ मिळवून ११ सेंमीचे चार तुकडे. दोन गडद, दोन फिके, तिरप्या समोरासमोर.

२) नऊ तुकड्यांचा चौकोन : १८ ÷ ३ = ६. त्यात २ मिळवून ८ सेंमीचे नऊ तुकडे. चार कोपरे आणि मधला असे पाच गडद, उरलेले चार फिके.

३) दोन त्रिकोणांचा चौकोन : यातच माझी चूक झाली. ती पुढे सांगते.

आमच्या गोधडीत आडवे ६ आणि उभे ८ असे ४८ चौकोन आहेत. मध्यभागी त्रिकोणांचे ८ चौकोन. त्यांच्या भोवती नऊ तुकड्यांचे १६. सर्वांत बाहेर चार तुकड्यांचे २४. आठ, सोळा, चोवीस. आठाचा पाढाच झाला! एकूण तुकडे किती? १६ + १४४ + ९६ = २५६. चौकोनांची लांबी १४४ सेंमी, रुंदी १०८ सेंमी. भोवती ८ सेंमीची पट्टी लावली की गोधडी १६० × १२४ सेंमी होते. लहान मुलाला ती पुरते.

माझी चूक

मधल्या आठ चौकोनांसाठी आजीने ट्रंकेतून एक हिरवे लुगडे काढले. ते माझ्या पणजीचे, म्हणजे आजीच्या सासूबाईंचे होते. मधून ते पार विरले होते. पदराकडचे थोडे कापड आणि लाल काठ एवढेच धड होते. आजी म्हणाली, "एवढंच हाय बरं का. दुसरं मिळायचं न्हाई."

मी विचार केला, चौकोन १८ चा, अधिक २, म्हणजे २० सेंमी. हिरव्या कापडाचे २० सेंमीचे चार चौकोन कापले, धोतराचे पांढरे चार कापले. प्रत्येक चौकोन कर्णावर कापून त्रिकोण केले. एक हिरवा आणि एक पांढरा त्रिकोण जोडत गेले. आठही शिवून झाल्यावर दुसऱ्या चौकोनांशेजारी मांडले, तर काय! माझे चौकोन लहान. बाकीचे कच्चे चौकोन २० सेंमीचे, माझे साडेअठरा सेंमीच्या थोडे वर. हिरवे कापड तर संपले होते. मी रडायला लागले. दुसरे कुठले कापड असते तर पुन्हा कापता आले असते.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी फळ्यावर आकृती काढून चूक दाखवली. त्रिकोणाला तिसरी बाजूही असते, ती म्हणजे कर्ण. कर्णावरची शिवणही १ सेंमी कापड खाते. ती शिवण तिरपी असल्यामुळे चौकोनाची बाजू सुमारे १.४ सेंमीने कमी होते. म्हणून त्रिकोणासाठी २० नव्हे, तर २० + १.४ म्हणजे जवळजवळ साडेएकवीस सेंमीचा चौकोन कापून मग त्याचे दोन त्रिकोण करायचे. मित्रांनो, हा नियम वहीत लिहून ठेवा.

पण कापलेल्या कापडाचे काय? घरी आजी काहीच रागावली नाही. तिने लुगड्याचा लाल काठ उसवून माझ्यापुढे ठेवला. "कापड कमी पडलं तर पट्टी लावावी. रडून कुठं कापड वाढतं?" एवढेच म्हणाली. मी काठाच्या ३.४ सेंमी रुंद पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक चौकोनाच्या डाव्या आणि वरच्या बाजूला एकेक जोडली. शिवणीत २ सेंमी गेले, १.४ सेंमी वाढले, आणि चौकोन बरोबर २० चा झाला! आठ चौकोनांना सुमारे ३ मीटर १० सेंमी काठ लागला. आता जो कोणी गोधडी पाहतो तो आधी त्या लाल रेघांवरच बोट ठेवतो आणि नमुना छान काढला म्हणतो. ती चूक होती हे मी तुम्हांलाच सांगत आहे.

रंगसंगती

घरात असतील त्या चिंध्यांची गोधडी करायची असते. रंग विकत आणायचे नसतात, मांडायचे असतात. त्याच चिंध्या नीट मांडल्या तर नमुना होतो, कशाही जोडल्या तर गिचमीड दिसते. मांडण्याच्या चार रीती अशा :

१) गडद आणि फिके. ही सर्वांत सोपी रीत. काळ्या रानात फुटलेला पांढरा कापूस लांबूनच दिसतो ना? तसेच गडद तुकड्याशेजारी फिका तुकडा उठून दिसतो. कोणता गडद आणि कोणता फिका हे कळत नसेल तर डोळे अर्धवट मिटून पाहावे. रंग पुसट होतात आणि फक्त गडद-फिके उरते.

२) विरोधी रंग. लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा या जोड्या एकमेकांना उठाव देतात. हिरव्या झाडावरची लाल मिरची आठवा. मात्र दोन्ही रंग सारख्या प्रमाणात घेतले तर डोळ्यांना त्रास होतो. एक जास्त, दुसरा थोडा असे घ्यावे. आमच्या मधल्या चौकोनांत हिरवा जास्त आणि लाल काठ थोडा आहे. म्हणून तो शोभतो.

३) शेजारचे रंग. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग एकमेकांत मिसळून जातात. वसमतची हळद, पळसाचे फूल आणि वाळलेली मिरची ओळीने ठेवल्यासारखे वाटते. हे उष्ण रंग. निळा, हिरवा, जांभळा हे शीत रंग. बाहेर शीत आणि मध्ये उष्ण रंग ठेवले तर मधला भाग पुढे आल्यासारखा दिसतो.

४) सरमिसळ. चिंध्या अगदीच निरनिराळ्या असतील तर एक रंग सगळ्या चौकोनांत ठेवावा. आमच्याकडे तो धोतराचा पांढरा आहे. तो सगळ्यांना बांधून ठेवतो. फुलाफुलांच्या कापडाशेजारी साधे कापड लावावे. फुलांशेजारी फुले आली की कोणतेच फूल दिसत नाही.

शिवण्यापूर्वी सर्व चौकोन ओसरीवर मांडून उंबऱ्यात उभे राहून पाहावे. आम्ही तीन वेळा मांडणी बदलली. आजीला उष्ण-शीत ही नावे ठाऊक नाहीत. तिचे दोनच शब्द आहेत : "उठून दिसतंय" आणि "मिसळून जातंय." पण तिचे कधी चुकले नाही.

थर लावणे आणि धावदोरा

आधी तुकडे जोडून चौकोन, मग चौकोन जोडून ओळी, मग ओळी जोडून पूर्ण थर करावा. जमिनीवर अस्तर पसरावे. ते चारी बाजूंनी ४ सेंमी मोठे असावे. त्यावर जुन्या कपड्यांचे दोन-तीन थर, त्यावर रंगीत थर. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि मोठे कच्चे टाके घालावेत. मग अस्तराची वाढीव कड वर दुमडून शिवावी. आमच्या घरी धावदोरा कडेने सुरू करून चौकोनी फेऱ्या घालत मध्यापर्यंत नेतात. दोन रेघांत दोन बोटे अंतर ठेवतात. टाके लहान आणि सारखे असावेत. सुई खालच्या अस्तरातून निघाली की नाही हे मधून मधून उलटे करून पाहावे. शेवटी कच्चे टाके काढावेत. रोज दुपारी तासभर बसून आम्हांला सव्वा महिना लागला.

सुई-दोऱ्याचा मोठेपणा

आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेव महाराजांचे जन्मगाव मानले जाते. त्यांचा जन्म इ. स. १२७० चा. ते शिंपी कुळातले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांत शिंप्याचा गज व कात्री यांची उपमाही आली आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे वस्त्र पांघरत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत.

अशी शिवण इतर ठिकाणीही आहे. बंगालमध्ये तिला कांथा म्हणतात, बिहारमध्ये सुजनी, राजस्थान-कच्छकडे रल्ली. कर्नाटकातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंडी शिवतात आणि तिच्या कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे लहान खेडे आहे. तेथील गरीब शेतकरी स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्या मोठमोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. त्या बायांनीही घरच्यांना ऊब मिळावी म्हणूनच त्या शिवल्या होत्या.

शेवटी

संक्रांतीच्या आधी गोधडी पूर्ण झाली. भाऊ आता तिच्यात एकटा झोपतो. झोपण्याआधी तो तुकडे मोजतो आणि विचारतो, "हा कुणाचा?" आम्ही सांगतो, हा बाबांच्या शाळेच्या सदऱ्याचा, हा आईच्या परकराचा, हा पणजीच्या लुगड्याचा. त्याने पणजीला पाहिले नाही, पण तिचा तुकडा तो ओळखतो.

पालकांना एक विनंती आहे. जुनी सुती लुगडी आणि धोतरे भांड्यांवर देऊन टाकण्याआधी घरातल्या मुलामुलींना विचारा. आणि मित्रांनो, तुमच्या आजीला सुई ओवून द्या. ती काय करते ते शेजारी बसून पाहा. हे पाठ्यपुस्तकात नाही, आजीच्या हातातच आहे.

करून पाहा

१) चौकोन १२ सेंमीचा असेल तर नऊ तुकड्यांसाठी प्रत्येक तुकडा किती सेंमीचा कापाल?
२) आमच्या गोधडीभोवती चौकोनांची आणखी एक रांग लावली तर किती चौकोन लागतील? आठाचा पाढा पुढे चालतो का?
३) तुमच्या घरातील एका गोधडीतले पाच तुकडे कोणाच्या कपड्यांचे आहेत ते विचारून वहीत लिहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी